वरच्या मजल्यावरचं विरजण

अकोल्याला बदली झाली तेव्हा आईनं मला विरजण दिलं. बाकी सामानाची तिला फिकीर नव्हती. स्टीलच्या छोट्या डब्यात दही, वर ओलं फडकं, आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवायचा नाही अशी तंबी. बॅगा एसटीतून पडल्या असत्या तरी ती मला काही बोलली नसती. डबा कलंडला असता तर बोलली असती.

हे विरजण तिच्याकडे तिच्या आईकडून आलेलं. आई वलगावच्या शाळेत शिक्षिका होती, राहायला अमरावतीत. रोजची जाण्यायेण्याची धावपळ, पण संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन आधी दूध. गंजात दूध तापवायचं, उकळी आल्यावरही आच मंद करून थोडं आटू द्यायचं. मग करंगळी बुडवायची. करंगळी काढून घ्यावीशी वाटली नाही की दूध जमलं. विरजण गाडग्याच्या आतल्या अंगाला बोटानं फिरवायचं आणि दूध उंचावरून ओतायचं, म्हणजे वर फेस येतो आणि सकाळी जाड साय मिळते. थंडीत ती गाडगं सरकीसकट कापसात बसवून ठेवायची. उन्हाळ्यात पाण्याच्या परातीत. तिचं दही पळीनं कापलं तर कडा तशीच उभी राहते. असं दही मी दुसऱ्या कुणाकडे खाल्लेलं नाही, आणि खाल्लं असतं तरी कबूल केलं नसतं.

विरजणाचे तिचे नियमही होते. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कुणी का असेना. फक्त दिवेलागणीच्या आत द्यायचं. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर टाकायची. हा शेवटचा नियम काही तिचा एकटीचा नाही, आमच्याकडे लहान पोरांनाही तो माहीत असतो. म्हणूनच पुढचं झालं ते मला इतकं लागलं.

अकोल्यात मला एका कॉलनीत तळमजल्यावरचं घर मिळालं. वर घरमालकीण राहायची. मालकही होते, पण ते टीव्हीसमोरून उठल्याचं मी क्वचितच पाहिलं, तेव्हा त्यांना इथं फारसं आणत नाही. माझा नवरा नोकरीनिमित्त यवतमाळला, तो शनिवारी यायचा. एरवी मी एकटी. वर जायचा जिना माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होता. घरमालकीणबाईंना फोनवर बोलायला घरात रेंज मिळायची नाही, म्हणून त्या जिन्यात बसून बोलायच्या. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं आणि कुणाबद्दल काय बोललं जातं, हे मला भाजी चिरता चिरता कळायचं.

घर देताना त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं ते पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून नव्हे. सामान लागल्यावर त्या एकदा दारातून डोकावल्या, भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली आणि "छान आहे हो" म्हणाल्या. मग आत आल्या नाहीत, पुढे कधीच आल्या नाहीत. भाडं मात्र त्या हातोहात घ्यायच्या. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन वर गेले तर म्हणाल्या, "ठेवा ना तिथं कट्ट्यावर." खाली उतरताना मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणी खाल्ला ते कळलं असतं, नोकराणीनं की चिमण्यांनी.

देताना मात्र बाई सैल हाताच्या. वांग्याची भाजी झाली, कढी झाली, की जिन्यातून हाक यायची, "मॅडम, भांडं आना." मी भांडं धरायचं आणि त्या वरून ओतायच्या, दोन्ही भांड्यांची भेट होऊ न देता. एकदा मी भांडं थोडं उंच धरलं, मुद्दाम. त्यांनी हात तितकाच उंच नेला. कढी माझ्या मनगटावर सांडली. कढी चांगली होती, हे सांगायला मला आजही जिवावर येतं.

मी आल्यावर दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात, आई चार दिवस राहायला आली. आमच्या नात्यातल्या एकांची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे, तिथली मृगाची संत्री तिनं पिशवीभर आणली. आणि घरमालकीणबाईंसाठी खास डबाभर दही लावून आणलं. लेक यांच्या घरात राहते, यांच्या भरवशावर राहते, असा तिचा हिशेब. आम्ही दोघी वर गेलो. बाईंनी संत्री आनंदानं घेतली. संत्र्याला साल असते. दह्याचा डबा घेताना त्या अडखळल्या, पण आईनं तो सरळ त्यांच्या हातातच दिला.

"माह्या आईपासूनचं इरजन हाय," आई म्हणाली. "खाऊन पाहा. आवडलं त यातलंच लावजा."

"हो हो," बाई म्हणाल्या. "आज रात्रीच खातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेकी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. मागे नळाजवळ मोरी आहे, वरच्या स्वयंपाकघराचा पाइप तिच्यातच उतरतो. मोरीच्या जाळीवर दही पडलं होतं. नुसते शिंतोडे नव्हते, चांगले गठ्ठे. कापल्यासारख्या कडा अजून उभ्या होत्या. साय जाळीला चिकटली होती आणि मुंग्या लागल्या होत्या.

मी आईकडे पाहिलं. आईनं ते माझ्या आधीच पाहिलेलं होतं. तिनं हातातलं पातळ दोरीवर टाकलं, बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि जाळीवर ओतलं. न गेलेले गठ्ठे चपलेच्या टोकानं सारले. पुन्हा पाणी ओतलं. तिचं तिनं स्वतः धुतलं. मग पातळाच्या निऱ्या झटकत म्हणाली, "ऊन चांगलं हाय आज."

दुपारी डबा पायरीवर आला. घासून, लखलखीत करून. मी झाकण काढलं. आत साखरेचा एक कण नव्हता.

"रिकामा हाय का?" आईनं आतून विचारलं.

"रिकामा आहे."

"ठेवून दे."

त्या दिवशी मी आईवर जितकी चिडले तितकी त्या बाईंवरही चिडले नाही. मी वर जाऊन डबा त्यांच्या दारात आपटणार होते. आईनं माझा हात धरला आणि "जाऊ दे" म्हणाली. हे जाऊ दे ऐकतच मी मोठी झाले. शाळेत तिचा पाण्याचा पेला वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा, तेव्हाही जाऊ दे. आजोबांनी दीक्षा घेतली ती काय एवढं ऐकायला, असं मी तिला तोडून बोलले. तिनं संत्रं सोलून माझ्यापुढं ठेवलं. मी ते खाल्लं नाही. तो रिकामा डबा मी फडताळात समोरच ठेवला, रोज दिसेल असा. आईनं घरचं विरजण दिलं होतं आणि तिला ते स्वतःच्या हातानं मोरीतून धुऊन काढावं लागलं होतं. याची परतफेड करायची, आणि ती आईच्या डोळ्यांसमोर करायची, एवढं मी ठरवलं. कशी, ते माहीत नव्हतं. पण घाई नव्हती. बदली चांगली तीन-चार वर्षं तरी हलणार नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात संधी स्वतः चालत आली, हातात वाटी घेऊन.

घरमालकीणबाईंची लेक अकोटला दिलेली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी बाई अकोटला गेल्या आणि दोन महिने तिकडेच राहिल्या. मालक जेवायला भावाकडे जायचे. जाताना बाईंनी विजेच्या बिलाचा विचार करून फ्रिज बंद केला आणि आतलं विरजण आतच विसरल्या. अकोल्याचा मे महिना, बंद फ्रिज. परत यायच्या आदल्या दिवशी त्यांनी समोरच्या काकूंना फोन केला. कसा कळला म्हणता? मालकांच्या फोनवर आधी मालकांना झापलं, फ्रिजला वास सुटला म्हणून, आणि मालक ते ऐकायला जिन्यात येऊन उभे होते. "समोरच्यांकडून इरजन आनून ठेवजा," असं त्या तिकडून ओरडत होत्या. मालकांनी काही आणलं नाही. म्हणून मग बाईंनी थेट काकूंना सांगितलं.

समोरच्या काकूंचं घर म्हणजे सोवळ्याचं. बाईंच्या दृष्टीनं गल्लीत विरजण घेण्यासारखी जी दोन-तीन घरं होती त्यांतलं पहिलं. काकू स्वतः मात्र भल्या बाई होत्या. सोवळंओवळं त्यांच्या सासूबरोबर गेलं होतं, नुसतं नाव तेवढं उरलं होतं. माझ्या घरी त्या चहा घ्यायच्या, कपातूनच. माझं दही त्यांनी खाल्लेलं होतं आणि एकदा नेऊन लावलंही होतं. त्या दिवशी ऊन उतरल्यावर त्या आल्या तेव्हा जरा चोरट्यासारख्या वाटल्या.

"थोडं दही दे वं," त्या म्हणाल्या. "माह्या दह्याले तार सुटली गरमीनं. बोट लावलं का लांबते नुसतं."

"घ्या की. वाटी कशाला आणली, माझीच घेऊन जा."

"नाही, माह्याच वाटीत दे." मग आवाज खाली करून, "मले नाही पाह्यजे. वरच्या बाईले पाह्यजे. ती उद्या येऊन राहिली. आता तार सुटलेलं कसं देऊ तिले? तू सांगू नोको बरं कोनाचं हाय थे."

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. काकूंनी भांडं लपवलं नाही, दही कुणाचं ते लपवलं. मी त्यांच्या हातातली वाटी घेतली. आत गेले. गाडग्यात आईचं विरजण होतं, तेच, फाल्गुनात मोरीत गेलं होतं त्याचंच सख्खं. मी पळीनं मधला भाग कापला, सायीसकट, आणि वाटी काठोकाठ भरली.

"एवढं नोको," काकू म्हणाल्या. "इरजनापुरतं दे."

"असू द्या," मी म्हटलं. "दोनदा लागेल."

त्या गेल्या, आणि मी ओट्याला टेकून एकटीच हसले. असं हसू माणसाच्या तोंडावर शोभत नाही हे मला माहीत आहे.

त्यानंतरचे महिने माझे फार सुखाचे गेले. सकाळी खिडकीतून वरचा आवाज यायचा, पळी गंजाच्या काठावर आपटल्याचा, आणि बाई मालकांना म्हणायच्या, "पाहा तं खरं कसं लागलं. खापच निघते." मी पोळी लाटता लाटता ऐकायची. जिन्यात बसून त्या अकोटच्या लेकीला सांगायच्या की या विरजणाची बातच वेगळी, तुझ्याकडेही पाठवते. आणि पाठवलं. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती, बरणीत घालून, अकोटच्या एसटीनं. नंतर लेकीचा फोन आला की सासूबाईंनाही आवडलं. मी त्या सासूबाईंना कधी पाहिलं नाही. पण त्यांना आवडलं याचा मला जो आनंद झाला तो माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

आई भाद्रपदात आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, आता स्पष्ट दिसतं म्हणून खुशीत होती. तिला मी काहीच सांगितलं नाही. तिनं ते डोळ्यांनी पाहावं, कानांनी ऐकावं, अशी माझी हौस. वर महालक्ष्म्या बसल्या होत्या. आमच्याकडे विदर्भात महालक्ष्म्यांचा थाट दिवाळीहून मोठा. बाईंनी सगळी गल्ली जेवायला बोलावली होती. ज्वारीची आंबील, कढी, सोळा भाज्या. आंबील आणि कढी कशाची, ते सांगायला नको. मला बोलावणं होतं ते "मॅडम, तुमचं खालीच पाठवते" असं. जेवणावळ उठल्यावर बाई स्वतः खाली आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात दह्याचा छोटा गंज आणि पळी. दिवसभराच्या कौतुकानं चेहरा फुललेला.

आई पलंगावर बसली होती, मी तिच्या शेजारी. बाई दारातच थांबल्या.

"प्रसाद आणला हो," त्या म्हणाल्या.

"परसाद नोको बाई," आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "आमी घेत नाही. दही असन त द्या."

बाईंच्या कपाळावर जराशी आठी आली, पण दही मागितलं म्हटल्यावर ती गेली. "भांडं धरा," त्या म्हणाल्या. मी वाटी धरली. गंज ताटातच टेकवून त्यांनी उंचावरून पळी रिकामी केली. दह्याची खाप वाटीत पडली आणि तशीच उभी राहिली. मी वाटी आईच्या हातात दिली.

"घ्या, पाहा खाऊन," बाई म्हणाल्या. "महालक्ष्म्यांसाठी सोवळ्यात लावलं. बाहेरच्या कोनाचा हात लागू देत नाही मी याले."

आईनं बोटानं थोडं दही घेतलं आणि जिभेवर ठेवलं. पुन्हा घेतलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. दह्याला वंश असतो का, एका घरचं दुसऱ्या घरी गेल्यावर चव तीच राहते का, मला ठाऊक नाही. आईनं ओळखलं एवढं मात्र मी पाहिलं.

"छान लागलं," ती बाईंना म्हणाली. "कोनाचं इरजन?"

"समोरच्या काकूंचं. त्याइचं घर मोठं सोवळ्याचं."

तेवढ्यात पलंगाखाली आईचा पाय माझ्या पायावर आला. चांगला जोरात. मी समजले, आलं पुन्हा ते जाऊ दे. लोकांनी गठ्ठे मोरीत टाकावे आणि आपण पाणी ओतत राहावं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाय सोडवून घेतला.

"काकूंच्या दह्याला मे महिन्यात तार सुटली होती," मी म्हटलं. "हे माझ्या घरचं आहे. म्हणजे आईचं. तुम्ही मागं मोरीत ओतलं होतं ना, तेच. चार महिने तुम्ही खाताय. अकोटलाही तेच गेलं. आज महालक्ष्म्यांनाही तेच."

बाई ओरडल्या वगैरे नाहीत. त्यांनी हातातल्या गंजात पाहिलं, मग पळीत पाहिलं. "काहीतरीच काय बोलता मॅडम," असं म्हणाल्या आणि वळून सरळ फाटकाबाहेर गेल्या, ताट आणि गंज हातात तसेच. मी ओसरीवर जाऊन उभी राहिले. काकू समोर उष्टी पानं उचलायला आलेल्या मोलकरणीशी बोलत होत्या. बाईंनी विचारलं. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"मंग काय करू?" त्या म्हणाल्या. "माह्यं खराब झालं होतं. तुलेच घाई होती. आन् तूच त सांगत फिरत होती बाई, खापच निघते म्हनून."

बाई परत आल्या त्या आमच्याकडे न पाहता जिना चढून गेल्या. थोड्या वेळानं मागच्या पाइपात आवाज झाला. मी मोरीशी गेले. पांढरे गठ्ठे एकामागून एक जाळीवर येऊन पडत होते. या वेळी मी आईला पाणी ओतू देणार नव्हते. मी तिथं उभी राहून पाहत होते, चांगली पोटभर. सगळी भांडी घासल्याचा आवाज संध्याकाळपर्यंत चालला होता. मग जिन्यातून फोन. लेकीला दही फेकून दे म्हणून सांगत होत्या. लेक म्हणाली असावी की आत्ताच कढी केली, कारण बाई म्हणाल्या, "कढीही फेक." पण गल्लीभर लोकांच्या पोटात गेलेली आंबील त्यांना फेकता येणार नव्हती. तेवढ्यावर मी तृप्त होते.

दिवेलागणीच्या सुमाराला आई दूध विरजत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.

आईनं करंगळी दुधातून काढली आणि पदराला पुसली. "तू काऊन बोलली?" ती म्हणाली.

"तू पाय दाबलास ते कळलं मला. आयुष्यभर तू गप्पच बसलीस. मला नाही जमत ते."

"गप कोन बसलं?"

तिनं गाडग्याच्या आतून विरजणाचं बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण. मग म्हणाली, "आमच्या शाळेच्या मोठ्या बाई तुले मालूम हाय. माह्या गिलासाले येगळा खिळा ठोकला होता त्याइनं."

"माहीत आहे."

"त्या रोज दुपारी दहीभात खात. दही गावातल्या पाटलाच्या घरचं ये त्याइच्यासाठी. पाटलीनबाईले इरजन मी दिलं होतं, मागच्या दारानं."

मी आणखी पुढं सरकून बसले.

"रिटायर होयेपर्यंत खाल्लं त्याइनं," आई म्हणाली. "मी समोर बसून पाहो. माह्यं अर्धं पोट पाहूनच भरे. जाताना मलेच म्हने, बाई, या गावच्या दह्याची याद येईन."

"आणि तू कधीच सांगितलं नाहीस?"

आईनं दूध उंचावरून गाडग्यात सोडलं. फेस वर आला. "सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी खाल्लं असतं का?" ती म्हणाली. "तुले जल्मभर खाऊ घालता आलं असतं वरच्या बाईले. तू एका दुपारीत सपवलं."

तिनं झाकण ठेवलं. मला रडू आलं आणि हसूही आलं. पण सगळ्यात जास्त आली ती हळहळ. एवढं मोठं सुख हातात होतं आणि मी ते मिरवायच्या नादात सांडून ठेवलं होतं. ज्या आईला मी गरीब समजत होते तिनं शाळेतली सगळी वर्षं रोज दुपारी सूड घेतला होता, समोर बसून, डबा खात.

आई अमरावतीला परत गेली. वरच्या बाई बाजारातलं पॅकेटचं दही आणू लागल्या. सकाळी कचऱ्याच्या डब्यात फाटकी पॅकेटं दिसली की मला थोडं बरं वाटायचं, पण आईनं सांगितल्यावर त्यात पूर्वीची गोडी राहिली नव्हती. बाई माझ्याशी बोलत नव्हत्या. घर सोडा असंही म्हणत नव्हत्या, कारण सरकारी पगाराचा भाडेकरू काही रोज मिळत नाही.

पॅकेटच्या दह्यावर त्यांचं किती दिवस भागणार? आंबट, पाणचट, कढीला रंग नाही. कार्तिकात मालकांनीच तोंड उघडलं, त्या वर्षी पहिल्यांदा बहुतेक. तेव्हा बाईंनी पुन्हा विरजण शोधायला घेतलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. काकूंकडे तर त्या जाणारच नव्हत्या. कोपऱ्यावरच्या घरी फोन केला, जिन्यातूनच. "तुमच्याकडचं इरजन कोनाचं हो?" असं त्यांनी स्पष्ट विचारलं. आमचं घरचंच, वर्षानुवर्षांचं, असं तिकडून उत्तर आलं असणार, कारण बाईंचा आवाज एकदम सैल झाला. घर कुणाचं ते त्यांनी तपासलं. दही कुठून आलं ते कुणाच्याच लक्षात नसतं. कोपऱ्यावरची मंडळी उन्हाळ्यात लग्नाला गेली होती, परत आल्यावर त्यांचंही विरजण गेलेलं होतं, आणि काकूंनी त्यांना विरजणापुरतं दिलं होतं. मे महिन्यात. मी काठोकाठ भरून दिलेल्या त्याच वाटीतलं उरलेलं, काकूंनीच मला सांगितलेलं.

मी हातातला कांदा खाली ठेवला आणि जीभ दातांखाली धरली.

आठवड्यानं बाई फाटकाशी भेटल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा दिला आणि म्हणाल्या, "आता चांगल्या घरचं आनलं, मॅडम."

"लागलं का चांगलं?" मी विचारलं.

"लागलं म्हणजे? खापच निघते."

"छान," मी म्हटलं, आणि कचेरीला गेले.

पुढे माझी बदली झाली. विरजण मांडीवर घेऊन मी ते घर सोडलं. हे लिहिताना मी त्या कॉलनीचं, गल्लीचं, त्या बाईंचं नाव कुठंही घातलेलं नाही, ते काही भिडेखातर नाही. नाव घातलं तर एकटीच बाई आपला गंज मोरीत ओतेल. नाही घातलं तर अकोल्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि वरून ओतणाऱ्या जितक्या बाया हे वाचतील, तितक्या सगळ्यांना उद्या सकाळी आपल्या दह्याकडे एकदा पाहावं लागेल.

समोरच्या काकूंचा मला अजून फोन येतो. त्यांच्याकडून ख्यालीखुशाली कळली की मी आईला अमरावतीला फोन करते. आई आधी माझी तब्येत विचारत नाही.

"वरची खाते का?" ती विचारते.

"खाते," मी सांगते.

"मंग ठीक हाय," आई म्हणते, आणि फोन ठेवते.